माटोळीखालच्या आखूड वायरी

१६ ऑगस्ट, शनि.
सूंऽऽ. पेट्रोमॅक्सचा तो एकसुरी आवाज. पहाटे त्यानेच जाग आली. आता तो आवाज कुठला? कारापुरात वीज येऊन जन्म गेला. गणपतीच्या चवथीला वडील बत्ती वसरीत टांगायचे, आम्ही पोरे खाली बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. वडिलांना अर्थाशी कर्तव्य नसे. चाल चुकली की मान वर.

कमल जूनपासून म्हापशाला, लेकीकडे, वैशालीकडे. खुब्याचे हाड मोडले तेव्हापासून अंथरूण. पाठीला जखम झाली, म्हणून हवेची गादी. तिचा पंप बंद पडता कामा नये, डॉक्टरांनी बजावले आहे. आणि इथल्या फ्यूजच्या जुन्या बोर्डाला जळका वास. विजेची नवी पेटी बसवल्याशिवाय लेक आईला पाठवणार नाही. मी क.ला शब्द देऊन बसलो आहे, चवथीला घरी आणतो.

१८ ऑगस्ट, सोम.
दत्ताराम वायरमन आला. मेन स्विच पाडून जुना लाकडी बोर्ड उतरवला. मागे एक जोड टेपसकट कोळसा झालेली. "नाना, देवानच राखल्यान."

नव्या पेटीची जागा मी दाखवली. जुना बोर्ड गणपती बसतो त्याच भिंतीला. दरवर्षी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना दोऱ्या त्याला अडकतात, नारळांचा घोस त्यावर आपटतो, क. खालून ओरडते. म्हटले, आता पेटी दाराच्या पलीकडे लाव, माटोळीला जागा मोकळी. दत्तारामने दोनदा विचारले. दोनदा सांगितले, लाव. आज भिंतीला लावून गेला. उद्या वायरी जोडणार.

१९ ऑगस्ट, मंगळ.
वायरी पोचत नाहीत.

सगळ्या छतातल्या पाइपातून जुन्या जागी उतरतात. पेटी दाराच्या पलीकडे. एकही धड तिथवर जात नाही. कुणी वीतभर आखूड, कुणी हातभर. नव्या ओढायचा प्रयत्न झाला. पाइपात कुंभारमाशीने मातीची घरे बांधलेली, वळणावर सगळे अडते.

"पीळ मारून टेप घालतंय, वर सिमेंट. आजच लाइट दितंय तुमकां." दत्ताराम म्हणाला.

आजच. म्हणजे उद्या क. घरी. मोह झाला, खोटे कशाला लिहू. ती जळकी जोड जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. तिच्याकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

ठरले ते असे. जुन्या जागी झाकणाचा बॉक्स. आत प्रत्येक वायरीला कनेक्टर, पुढे त्याच जाडीची नवी वायर पेटीपर्यंत. वर गिलावा नाही, झाकण केव्हाही उघडले पाहिजे. म्हणजे माटोळीखाली डबा आलाच परत! दत्ताराम हसला नाही, उपकार त्याचे.

२१ ऑगस्ट, गुरु.
कनेक्टर साखळीच्या बाजारात मिळाले नाहीत. दत्ताराम म्हणतो, मागवले आहेत.

घरात वीज नाही. दुपारी वसरीत बसून आठवीतली कविता म्हणू लागलो. तिसऱ्या ओळीपाशी अडलो. क. असती तर स्वयंपाकघरातून ओळ आली असती, कढईवरची नजर न हलवता. तिची शाळा चौथीपर्यंत. माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ.

आमच्या मराठीच्या बाई सांगत, ओळीतला यती, म्हणजे विराम, शब्द संपल्यावर यावा, शब्द मधे तोडून श्वास घेऊ नये. भिंतीतून लोंबणाऱ्या वायरींकडे बघून ते आठवले. जोड असावी, पण नेटकी, दिसेल अशी…

संध्याकाळी फोन. क.ने माटोळीचे सामान विचारले. कांगले, आंबाडे अशी फळे, सुपारीचा घोस, सगळे सांगितले. वायरींचे सांगितले नाही. मग वै.ने फोन घेतला. "बाबा, आई कपडे भरून बसली आहे. खरं काय ते सांगा."

सांगितले.

"मग चवथ झाल्यावर बघू." तिचे बरोबर आहे. मागे क. असणार, तिने ऐकले असणार.

२३ ऑगस्ट, शनि.
दत्ताराम नाही. सणाच्या तोंडावर त्याला थेट मोप्यापर्यंत बोलावणी. फोन केला तर म्हणतो, सोमवारी नक्की.
क. फोनवर आली नाही. निजली आहे म्हणे. भर दुपारी ती कधी निजत नाही.

२५ ऑगस्ट, सोम.
आला. कनेक्टर घेऊन आला. दुपारपर्यंत दिव्यांच्या, पंख्यांच्या वायरी जोडून झाल्या. प्रत्येक जोड ओढून बघितली, मलाही ओढायला लावली. राहिली न्हाणीच्या गिझरची, ती जाड, कनेक्टरात शिरेना. ती झाल्याशिवाय मेन चढवणार नाही म्हणाला. मोठा कनेक्टर आणायला साखळीला गेला.

अंगणात गाडी वाजली. दत्तारामच, म्हणून उठलो नाही. मग दार ठोठावले.

कमल. कदेलावर, खुर्चीत, बसवून जावई आणि गाडीवाल्याने उचललेली. मागे वै., काखेत गुंडाळलेली गादी, हातात पंपाची पिशवी, डोळे सुजलेले. "कालपासून जेवली नाही. मी काय करू?"

उंबऱ्यावर क.ने हाताने त्यांना थांबवले. वसरी बघितली. उघडा डबा, लोंबती जाड वायर, दारापलीकडची पेटी.

"पेटी थंय कोणें लायली?"

मी म्हटले, मीच लावली.

तिने आत घ्या अशी खूण केली. खाट जनेलापाशी ओढून तीवर गादी पसरली. मेन अजून पाडलेलीच. वै. पंपाचा प्लग हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.