सोळा तास आणि शैलाची डबी

३ नोव्हेंबर, सोमवार

डबी पुन्हा बंद पडली. आज पस्तीस मिनिटं. शनिवारी पन्नास चालली होती.

आमच्या मनीने पहिल्या पगारातून आईला हा प्लेअर आणला त्याला बारा वर्षं झाली. निळा, काडेपेटीएवढा, पाच बटणं, कानात घालायची वायर. शैला पहिल्या दिवसापासून त्याला डबीच म्हणते. बाकी बरीच नावं गेली, हे राहिलं.

विमान २० ला. मुंबई ते टोरांटो सोळा तास. मध्ये उतरणं नाही.

चार्जिंगच्या भोकात हिरवा गंज दिसला. खारी हवा. वायरमन म्हणून पस्तीस वर्षं खांबावर चढून हाच गंज खरवडला. जुना टूथब्रश, स्पिरिट. पुसून परत चार्जिंगला लावली. बघू.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीस मिनिटं. पाच कमावली.

गाणं थांबलं की शै. बटण दाबते. परत दाबते. मग माझ्याकडे बघते आणि विचारते, "तुमी कोण?" उत्तराची वाट न बघता दाराकडे चालायला लागते. घराक जावचा आसा म्हणते. घरात उभी राहून.

डबी चालू असली की अंगणात खुर्चीवर तास न् तास बसते. निम्मी गाणी रेडिओवरची, निम्मी तिनेच भरलेली. अंगणवाडीतली पोरं, आणि पोरांच्या पुढे तिचा आवाज. अठ्ठावीस वर्षं सेविका होती.

आज ऐकता ऐकता म्हणाली, "ही बाई बरी गाता."

म्हटलं, "कोण गो?"

"काय म्हायत. पण पोरांका गोडीत घेता."

मी पंप बघायला म्हणून मागे गेलो. पंपाला काही झालं नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मनीचा व्हिडिओ कॉल. तिला आठवा लागला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, म्हणून ती येऊ शकत नाही, म्हणून आम्ही जायचं. आई हवी म्हणते. पहिलं बाळंतपण.

मनीला मी खरं सांगितलेलं नाही. "आईक आता वायच विसराक होता" एवढंच. दोन वर्षं हेच. फोन सकाळी चहानंतर लावायचा, तेव्हा शै. बरी असते. दोन मिनिटांनी रेंज नाही म्हणून कापायचा.

मनी विचारत होती, "आई, डिंकाचे लाडू करशीत मगे माका?"

शै. छान हसली. "करीन गो बाय."

मनीचे डोळे भरले. मी फोन कापला. शै. मला म्हणाली, "कोणाचा चेडू ता?" स्वतःच्याच मुलीबद्दल.

डबी आज अठ्ठावीस मिनिटं.

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

कुडाळला निघालो होतो, एसटीने. डबी दुकानात दाखवायची, आणि शै. प्रवासात कशी राहते तेही बघायचं. रात्रभर चार्ज करून घेतली होती. अर्धा तास ठीक. खिडकीशी बसून मान हलवत होती. कसालच्या अलीकडे डबी मेली.

उठून उभी राहिली. मी हात धरला तर झटकला. "ह्यो कोण माणूस? माका खंय व्हरता?" मोठ्याने. गाडीतले सगळे मागे वळले. मी म्हटलं, मी नवरो तिचो. कुणाचा विश्वास बसला, कुणाचा नाही. एक बाई उठून शै.ला आपल्याजवळ ओढायला लागली. शै. रडायला लागली, "माझा घर ऱ्हवला मागे." मला एक थोबाडीत बसली. चष्मा सीटखाली.

कंडक्टर भला. गाडी थांबवून दोघांना उतरवलं, त्या बाईला काहीतरी समजावलं. कसालच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर तासभर बसलो. तिला सोडा पाजला. मग रिक्षा करून घरी.

कुडाळ राहिलं.

विमानात असं झालं तर? विमान कसालला थांबत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या कुसुमवहिनी पेज घेऊन आल्या. माझा गाल बघितला.

"भावजी, मनीक सांगा."

"तिका आता ह्या दिवसांत कित्याक?"

"मगे थंय दारात उभी ऱ्हवल्यार आपणच कळतला तिका. ता बरा?"

पेज निवली.

१० नोव्हेंबर, सोमवार

शै.ला वहिनींकडे ठेवून एकटाच कुडाळला. संगीता म्हणून एक बाई मोबाइल दुरुस्त करते, चाळिशीची, नवऱ्याचं दुकान तीच चालवते. डोळ्याला भिंग लावून डबीवर वाकली. पाठ उघडली आणि थांबली.

"काका, बॅटरी फुगली हा."

बघितलं. तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म.

"ही विमानात घेवन जावक देवचे नाय. आणि घरात पण आता चार्ज करू नकास. पेट घेयत."

मी वायरमन. लोकांच्या घरातल्या उघड्या वायरींवरून त्यांना ओरडणारा. आणि महिने झाले, ही शै.च्या उशाशी चार्जिंगला लावतोय.

नवी बॅटरी? तिने तीन ठिकाणी फोन लावले. मॉडेल बंद. मापाची दुसरी बसत नाही. बसवली तरी, म्हणाली, अशी जुळणी केलेली वस्तू घेऊन विमानात चढायचं मी सांगणार नाही.

गाणी मात्र निघाली. फुगलेली काढून, बाहेरून करंट देऊन तिने सगळी कॉम्प्युटरवर उतरवली. पोरांची सुद्धा. दोन-तीन मध्येच तुटतात. माझ्या फोनवर घालून दिली. नवा प्लेअरही घेतला, पांढरा, गुळगुळीत, बटणं नाहीत, काचेवर बोट फिरवायचं. रिकामी डबी परत दिली. वजन अर्धं झालंय.

पैसे देताना संगीताने विचारलं, कोणासाठी? सांगितलं. हिशोबातली नव्या प्लेअरची रक्कम ठेवून बाकी घेतलं नाही. म्हणाली, "माझो धाकटो भाव त्यांच्या अंगणवाडीत होतो."

११ नोव्हेंबर, मंगळवार

पांढरा प्लेअर शै.ने हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि खिडकीत ठेवला. पाहुण्यांची वस्तू ठेवावी तसा. फोन दिला, तो फेकला. काचेला तडा, चालतोय.

गाणी तीच. तिच्या कानात दोन ओळी गेल्या पण. पण हात रिकामा. अंगठा बटण शोधत राहिला. मग उशीखाली बघ, पदरात बघ, डाळीच्या डब्यात बघ. मी डबी कपाटात ठेवली होती, मेलेली दाखवून काय करणार म्हणून.

"माझी डबी कोणी चोरली?"

दिवसभर एवढंच वाक्य. जेवली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनीला सांगितलं. तिच्याकडे सकाळ, इथे संध्याकाळ होत आली होती. शै. अंगणात फेऱ्या घालत होती, दारापासून विहिरीपर्यंत.

आधी डबीचंच सांगितलं. मनी हसली, "बाबा, अहो दुसरो घेवया हंय इल्यावर!"

म्हटलं, तसा नाय गो. मग एसटीचं. थोबाडीत. तुमी कोण विचारते ते. लाडू करीन म्हणाल्यावर काय म्हणाली ते मात्र गाळलं. एवढं राहू दे.

वाटलं रेंज खरंच गेली.

"कधीपासून?"

"दोन वर्षां."

"दोन वर्षां तुमी माझ्याशी..." फोन तिने कापला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने.

तिला काही झालं तर त्याला मी जबाबदार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मनीचा फोन नाही. जावयाचा मेसेज: ती बरी आहे, रडतेय, वेळ द्या.

तिकीट रद्द करायचं ठरवलं. फोनवर तिकिटाचा कागद उघडून बसलो होतो. समोर शै. पलंगावर, हात पदरात घालून काहीतरी चाचपत. सहन झालं नाही. कपाटातून डबी काढून तिच्या मुठीत दिली. रिकामी. शै.ने ती घट्ट धरली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

तेव्हा सुचलं.

लांब वायर आणली मालवणातून, टोकाशी बटण असलेली. कानापासून निघते, डबीला चिकटपट्टीने लावलेली, तिथून पुढे माझ्या खिशात. खिशात फोन. तिने अंगठा दाबला की मी खिशात दाबायचं. तिला वाटतं डबी वाजली.

पहिल्यांदा मी उशीर केला. तिने भुवया वर केल्या. दुसऱ्यांदा आधीच दाबलं. तिसऱ्यांदा जमलं. दाबायच्या आधी तिचा अंगठा किंचित वाकतो. तो बघायचा. नजर हलवायची नाही.

पोरं गायला लागली. शै. मान हलवायला लागली.

हीसुद्धा फसवणूकच. एकीचं उघड केलं आणि दुसरीला...

१५ नोव्हेंबर, शनिवार

मनीचा फोन आला. डोळे सुजलेले. म्हणाली, "आज कापू नकास. फोन खंयतरी ठेवन देया. मी नुसती बघतंय."

खिडकीत ठेवला. वायर तेवढ्यापुरती पांढऱ्या प्लेअरला लावून तो खिशात घेतला. एक तास. मनीने सगळं बघितलं. आई दारापर्यंत जाते, परत येते, मला विचारते तुमी कोण, मी सांगतो, ती ऐकते, विसरते. डबी, वायर, माझा खिसा. मी एकदा चुकलो तेही.

शेवटी मनी म्हणाली, "बाबा, तुमी दोन वर्षां असे एकटे?"

मान वळवून वायर सारखी करत बसलो.

"तिकीट रद्द करू नकास. माका ओळखूक नाय तरी चलात. पण हंयच ऱ्हवाचा तुमी दोघांनी. मागे जावचा नाय."

मागे जावचा नाय. हे मी धरलं नव्हतं. तीन महिन्यांसाठी निघालो होतो.

हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी एक गोळी दिली, प्रवासापुरती. निम्मी द्या म्हणाले, पूर्ण दिली तर उठवताना कठीण. विमान कंपनीला कागद लिहून दिला.

अडीच तास सराव. माझा अंगठा आखडतो. तिचा नाही.

कुसुमवहिनींना किल्ली दिली. "कधी येशात?" मी म्हटलं, कळवीन. त्या घरात जाऊन देवाची भांडी घेऊन आल्या, म्हणाल्या ही माझ्याकडे राहू दे, रोज पुसली जातील. म्हणजे त्यांना कळलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, मुंबई

सकाळी गाडीने गोव्यात मोपाच्या विमानतळावर. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग, वीस मिनिटं थांबलो. शै. खिडकीतून बघत होती, म्हणाली, "पोरांका खाव वाढूची वेळ झाली." मी म्हटलं, आज सुट्टी आसा. मान्य केलं.

विमानतळावर तपासणीला डबी ट्रेमध्ये ठेवायला लागली. शै. मूठ उघडेना. शेवटी एकेक बोट सोडवलं आणि तपासणीच्या मुलीला डबीची पाठ उघडून दाखवली, आत काहीच नाही, बॅटरी नाही. ती हिंदीत म्हणाली, मग चालत नाही तर नेता कशाला? मी फक्त शै.कडे बघितलं. मुलीने स्वतःच्या हाताने डबी यंत्रातून फिरवून आणली आणि शै.च्या तळव्यावर ठेवून मूठ मिटली.

मुंबईपर्यंत तास-सव्वा तास. नीट गेला. लॉजवर आलो. शै. झोपली, हात मिटलेला. मला मात्र वायर सुटल्याचा भास होतोय, परत परत उठून बघतोय.

घराचा मेन स्विच बंद केला का? केला. नक्की केला.

२० नोव्हेंबर, गुरुवार, विमानात

दरवाजे लागले. अजून जागेवरच आहोत. खिडकीशी शै., मध्ये मी, पलीकडे एक सरदारजी, भले वाटतात. निम्मी गोळी दिली. फोन भरलेला, दुसरी बॅटरी पिशवीत, कागद वरच्या खिशात. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर असंच येणार. उजवा खिशात.

आत्ता झालं ते लिहून ठेवतो.

शै.चा अंगठा वाकला. मी दाबलं. पोरं गायला लागली. मग तिने वायर चिमटीत धरली आणि त्यावरून बोट फिरवत आणलं. डबीवरून, हातावरून, थेट माझ्या खिशापर्यंत. तिथे थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं संपलं, आता उठणार.

उठली नाही. एका कानातलं काढलं आणि माझ्या कानात घातलं. नीट बसलं का ते बघितलं.

"तुमी पण आयका वायच. सारखे दाबीत बसलास."

मला कोण समजून दिलं, ते विचारायचं होतं. विचारलं नाही.

विमान हललं. शै. खिडकीबाहेर बघतेय. एक कान तिचा, एक माझा. खिशातला हात बाहेर काढू की तिथेच राहू दे?