बावन्न दसरे पाहिलेले रिव्हॉल्व्हर

तीर्थस्वरूप जीवरामभाऊ यांस,

सावद्याहून आपला मेहुणा सुकदेव याचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावापुढे इतके वाकू नये म्हणतात, पण या खेपेला वाकलो.) आपले गुडघे कसे आहेत? आपली बहीण, म्हणजे आमची कमल, सोमवारपासून धुळ्याला आपल्याकडे रुसून बसली आहे. खुशाल राहू द्या. मळ्यातल्या घरात मी एकटा असलो तरी काळजी नको, कारण माझ्याजवळ वडिलांचे, म्हणजे आबांचे रिव्हॉल्व्हर आहे.

तिने आपल्या कानांवर भलतेच घातले असणार, म्हणून खुलासा करतो. रिव्हॉल्व्हर जुन्या घाटाचे, लाकडी मुठीचे, वजनाला सव्वा किलो. परवाना आबांच्या मागे माझ्या नावावर झाला. हल्लीची पिस्तुले खिशात आहेत की नाहीत तेही कळत नाही. हे कमरेला लावले की अख्ख्या गावाला कळते. (पायजम्याची नाडी दुहेरी घ्यावी लागते आणि स्कूटरवर जरा डावीकडे कलून बसावे लागते, एवढेच.) शिवाय गोळ्या एकेक करून भराव्या लागत असल्याने तोवर माणसाचा राग शांत होतो. हा गुण नव्या हत्यारात नाही.

तर गेल्या आठवड्यात भरदुपारी वीज गेलेली होती. केबलचोरांना भारनियमनाचे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगले पाठ असते. विहिरीवर दोघे जण मोटारीची केबल कापताना दिसले. मी देवघरातून रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, केळीच्या बागेतून रुबाबात चालत गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहून गोळी भरू लागलो. गोळी आत जाईना. चाकही फिरेना. आता यात हत्याराचा दोष नाही. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्र पुजतात, आणि आबांच्या काळापासून बावन्न दसरे त्याच्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि नारळाचे पाणी पडत आले आहे. देवाला वाहिलेले पुसायचे नाही ही आबांची शिस्त, ती मी मोडली नाही. काडीने कोरले तेव्हा आतून मूठभर तांदूळ निघाले. चोर काम थांबवून बघत होते. एकाने तर स्वतःचा पेचकस पुढे केला. (मी नम्रपणे नकार दिला. घराण्याची काही शान असते.)

तेवढ्यात चारा कापायचा विळा घेऊन कमल मागून आली. "तुमनं ते देवघरमा ठेवा, नी बाजूले व्हा," एवढेच म्हणाली आणि धावली. केबल आणि पेचकस तिथेच टाकून ते दोघे पळाले. पण भाऊ, आपणच न्याय करा. ती येईपर्यंत त्यांना जागेवर खिळवून कोणी ठेवले?

गावाने तरी न्याय केला. शाल-श्रीफळ दिले, चौकात माझा रिव्हॉल्व्हरसह फ्लेक्स लावला, खाली 'केळीबागांचा ढाण्या वाघ' असे लिहिले. सत्काराला कमलने सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीत बसली. आता यात माझे काय चुकले?

आपला,
सुकदेव

ता. क. : फ्लेक्सची बातमी पोलीस ठाण्यात गेली. हत्यार मिरवल्याबद्दल खुलासा मागितला आहे आणि रिव्हॉल्व्हर जमा करून घेतले आहे. ते उघडताना हवालदाराची बोटे लाल झाली, पण उघडले नाही.

ता. क. दुसरा : बुधवारी केबल गेली. मी घरातच होतो, आतून कडी लावून. भाऊ, कमलला परत पाठवा. तिच्याशिवाय घर खायला उठते, आणि खरे सांगायचे तर मला एकट्याला मळ्यात भीती वाटते. चोर तिने पळवले. हे मी चौकात उभा राहून सगळ्यांसमोर सांगेन. फक्त तिने शेजारी उभे राहावे.

ता. क. तिसरा : पत्र तिला वाचून दाखवाल तेव्हा दुसऱ्या ताज्या कलमापासून सुरुवात करा. त्याच्या वरचा मजकूर आपल्यापुरताच ठेवा. तो मी अजून मागे घेतलेला नाही.