दारं काढण्याचे दिवस

सोमवार, १२ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा.

ही पत्राची तारीख नव्हे. पत्राची तारीख ९ एप्रिल. वरची आहे ती नुकसानीची. आमच्या विमा कंपनीत नुकसानीची पत्रं अशीच टाइप करायचे मी: आधी घटना कधी घडली, मग काय गेलं, आणि रडगाणं असेलच तर सगळ्यात शेवटी. नोकरी सुटली, हाताची सवय सुटत नाही.

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि लेक खुशाल आहात असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघे होते तसेच आहेत, चष्मा नवा केला. बाबांचं पुढे लिहिते.

फोन का नाही केला म्हणशील. केला. प्रत्येक वेळी तुझ्या बायकोनं उचलला आणि "ते मीटिंगमध्ये आहेत, ताई" असं सांगितलं. त्यातला एक रविवार होता. इतकं गोड बोलते की फोन ठेवल्यावर चूळ भरावीशी वाटते. म्हणून पत्र. पत्र दाराखालून आत येतं, त्याला मीटिंग आडवी येत नाही.

आता विषयावर येते.

जानेवारीत नळाच्या खांबावर तुमच्या किनारा विकास कार्यालयाची नोटीस लागली. बारा फेब्रुवारीला घरांची पाहणी होणार, जे घर वापरात दिसेल त्याला नव्या इमारतीत जागा मिळेल, जे दिसणार नाही त्याला मिळणार नाही. खाली तुझी सही. बाबांना वाचता येत नाही, पण तुझ्या सहीचं वळण ते अंधारातही ओळखतील. नोटीस मी वाचून दाखवली. त्यांनी मजकूर ऐकलाच नाही. पाणी भरायला येईल त्याला बोट लावून दाखवत होते, "आपल्या धाकट्याची सही आहे ही." शेवटी शिंपीण म्हणाली, "काका, कळशी भरली की सांगा, सही काय पळून चालली नाही."

ही शिंपीण म्हणजे आपल्या शेजारची, तू गेल्यानंतर राहायला आली. जिभेला माझ्यापेक्षा धार आहे, त्यामुळे आमचं पटतं. इमारतीच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं तीच बोलायची. बाबांच्या शेडमध्ये, अर्धवट दुरुस्त होड्यांच्या मधे बसून सभा झाली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "सातव्या मजल्यावर होडी कशाला बांधू, पंख्याला?"

"होडी तुमची, काका. मला आतून कडी लागणारी मोरी हवी. आयुष्यभर आंघोळ करताना एक हात दाराला लावून धरलाय मी. एका हातानं पाठ चोळून दाखवा बरं."

सगळे हसले. बाबाही हसले, आणि मग म्हणाले की पाण्यापासून उचलून नेलेला माणूस वाळत जातो. त्यावर कुणी हसलं नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी कडीच्या बाजूनं हात वर केला. तुला वाटत असेल की ताई त्या चिखलाच्या प्रेमात आहे, तर नाही. कॉन्व्हेंटच्या फरशीवर ओल्या बुटांचे ठसे उमटले म्हणून सिस्टरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते ठसे आपल्या आळीचे होते. मलाही कोरडी जमीन हवी होती. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "भाजीत मीठ कमी आहे" म्हणाले, म्हणजे समेट झाला.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण हे पत्र तुझ्या घरात दुसऱ्या कुणी उघडलं तर त्यालाही समजावं.

आपल्या वस्तीच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. वरच्या आळीत पाणी येत नाही. खालच्या आळीत अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला घरात शिरतं. लाकडी दार पाण्यानं फुगलं की चौकटीत असं गच्च बसतं की आतल्या माणसाला ढकलून उघडत नाही. आपल्या जन्माआधी एक म्हातारी अशी अडकली होती. पाणी ओसरल्यावर दार फोडलं तेव्हा तिला बाहेर यायला चार खांदे लागले. तेव्हापासून उधाणाचे दिवस आले की खालची आळी दारं बिजागऱ्यांतून उचलून काढते. सगळी दारं बाबांच्या शेडमध्ये उभी राहतात, अंथरुणं आणि भांडी आढ्याला टांगली जातात, चौकटीला चादर. पाणी येतं, जातं, चिखल काढायचा, मग दारं परत. कुणाचं दार कुणाला, यावरून कधी भांडण झालं नाही, आणि आमच्याकडे भांडणाला कारण लागत नाही हे तुला माहीत आहे.

आणि तू तर या दिवसांची वाट बघायचास. आपलं दार दोन पिंपांवर आडवं टाकून त्यावर तुझं अंथरूण घालायचे मी. आई गेली त्या वर्षी तू तिथेच झोपायला मागायचास, उधाण नसतानाही. खाली पाणी, वर तू. "मी होडीत आहे" म्हणायचास.

नोटीस लागल्यावर भोंग्यानं तारखेचा हिशेब केला. भोंग्या म्हणजे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा; तो कुजबुजला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जातं. तो बाबांना म्हणाला, "काका, बारा तारीख ऐन उधाणात येते. त्या दिवसापुरती दारं लावून ठेवू या का? फुगली तर फुगली, नंतर रंधा मारू."

बाबा काय म्हणाले ते मी शब्दाला शब्द लिहिते. "अरे, सही कुणाची आहे बघ. तो या दारांवर झोपून मोठा झालाय. दार नाही म्हणून त्याला घर रिकामं दिसेल का?"

कुणी दार लावलं नाही. बाबांच्या शब्दावर.

बारा तारखेला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. परत आले तोवर उरकलं होतं, त्यामुळे हे शिंपिणीच्या तोंडचं. तुझी दोन माणसं आली, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. फोटो काढत आळीतून चालली. शिंपीण तिच्या उघड्या चौकटीत उभी होती.

"इथे कोण राहतं?"

"मी राहते. दिसत नाही का?"

"माणसं राहतात त्या घराला दार असतं, बाई."

"दार शेडमध्ये आहे."

"दार शेडमध्ये आणि तुम्ही घरात? उलटं पाहिजे ना!" आणि दोघं हसले. घरापुढे 'रिकामे' असं नोंदवून पुढे गेले.

शेडपाशी बाबा होते. त्यांनी दारं दाखवली, उधाणाचं समजावलं. ऐकेनात तेव्हा म्हणाले, "तुमच्या साहेबांना विचारा. ज्यांची सही आहे त्यांना. ते माझे चिरंजीव."

त्यातला एकजण म्हणाला, "आजोबा, साहेबांचे वडील इथे कशाला राहतील? साहेबांचे वडील केव्हाच वारले. त्यांनीच सांगितलंय आम्हाला."

शिंपीण ओरडत होती, "सांगा ना काका, नाव सांगा, फोन लावा," पण बाबांनी तोंड उघडलं नाही. का, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मला वाटतं, तुझ्या हाताखालच्या माणसांसमोर त्यांना तुला खोटं पाडायचं नव्हतं. मेलेला माणूस कसा बोलेल, हेही असेल.

मला हे वाक्य लिहायचं नव्हतं. आता लिहून झालं.

निकाल लागला. वरच्या आळीला सगळ्यांना जागा. तिथे दारं कधी निघतच नाहीत. खालची आळी सबंध रिकामी. शिंपीण, जिला त्या इमारतीची सगळ्यात जास्त आस होती, ती रिकामी. भोंग्या, त्याची बायको आणि चार पोरं, सगळे मिळून रिकामे. आम्ही अर्ज केले. उत्तर आलं की पाहणीच्या दिवशी घर वापरात नव्हतं.

बाबांना कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं. शिंपीण रोज त्यांना चहा आणून द्यायची आणि पूर्वीसारखी टोमणा न मारता जायची. बाबा म्हणायचे, "आज ती काही बोलली नाही." दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मार्चचं उधाण आलं. बाबांनी नेहमीसारखी शेड झाडली, होड्या एका बाजूला सरकवल्या, दारांसाठी जागा केली आणि बसले. लोकांनी दारं काढली, आणि वर रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवून ठेवली. शेडमध्ये एकच दार आलं, आपलं. मीच नेलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बाबा, त्यांना रस्ता जवळ पडतो." ते म्हणाले, "हो, जवळ पडतो." रस्ता जवळ पडत नाही.

त्याच उधाणात, मंगळवारी, पाणी ओसरल्यावर घरं पाडायला यंत्रं आली. आम्ही सामान रस्त्यावर आणत होतो. मी मुकादमाला सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत सिस्टरांनी न शिकवलेलं बरंच काही ऐकवत होते, त्यामुळे बाबा कुठे आहेत याकडे माझं लक्ष नव्हतं.

ते दार डोक्यावर घेऊन शेडमधून निघाले होते. त्या वयात, त्या चिखलातून. घरापाशी येऊन त्यांनी ते चौकटीत उभं केलं. बिजागरीत बसवायला दोन माणसं लागतात, एकट्यानं बसत नाही. म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. यंत्र मागच्या बाजूनं आलं होतं. मागची भिंत पडली, मोरी पडली, आढं खाली आलं, आणि बाबा पुढून दार धरून उभे. मुकादम ओरडला, "आजोबा, सोडा, मागे काही राहिलं नाही!"

"दार आहे," बाबा म्हणाले. "बघा ना. दार आहे."

मी पोचेपर्यंत चौकट सुटली. बाबा खाली, दार वर.

बाबांचं पुढे लिहिते असं मी म्हणाले होते. आता पुढे ढकलायला काही उरलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. नंतर छातीत कफ साचला तो उतरलाच नाही. सरकारी रुग्णालयात आहेत, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरी खाट. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी स्वयंपाकघरामागची खोली दिली आहे. सकाळी तिथून निघते, भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांच्यापाशी असते. शिंपीण पुलाखाली मशीन मांडून बसते, तरी दर दोन दिवसांनी येते. परवा तिनं त्यांच्या सदऱ्याचं बटण लावलं आणि म्हणाली, "काका, सदरा माझ्या हातचा नाही हे दिसतंच आहे, इतका वाईट शिवलाय." बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. शिंपीण जिन्यात जाऊन रडली.

त्यांना कमी ऐकू येतं आता, जेवण जात नाही. पण जो येईल त्याला एकच सांगतात: "विसरला असेल तो. कामाचा व्याप फार. इतक्या वर्षांत उधाण कुणाच्या लक्षात राहतं?" नर्सना सांगतात, शेजारच्या खाटेवरच्या हमालाला सांगतात. वारल्याचं मात्र कुणाला सांगत नाहीत.

काल दुपारी माझा हात धरून म्हणाले, "पोरी, तू विचार ना त्याला. विसरलाच होता ना? लिहून घे त्याच्याकडून."

म्हणून हे पत्र. मी घर मागत नाही. घरासाठी भोंग्या आणि शिंपीण कोर्टात गेले आहेत आणि ते माझ्यापेक्षा मोठ्यानं मागतात. तू भेटायला ये असंही म्हणत नाही. वारलेल्या बापाला भेटायला येणं तुझ्या कार्यालयात अवघड होईल.

मला एकच विचारायचं आहे. ती तारीख ठरवताना तुला उधाण आठवलं नव्हतं, की आठवलं होतं?

"वरून आदेश होता", "प्रक्रियेनुसार", असलं काही लिहू नकोस. तसली वाक्यं मी जन्मभर टाइप केली आहेत, त्यांच्या मागे काय असतं ते मला ठाऊक आहे. एक ओळ लिही. टाइप केलेली नको, तुझ्या हातची, खाली सहीसह. बाबांना अक्षर कळत नाही, तुझं वळण कळतं. कागद हातात घेऊन ते बोट फिरवतील.

त्यांना मी काय वाचून दाखवायचं ते ठरलेलं आहे. तू काहीही लिहिलंस तरी त्यांना "विसरलो" एवढंच ऐकू येईल. तेवढं खोटं मी बोलू शकते. तेव्हा त्यांच्या काळजीनं शब्द निवडत बसू नकोस. खरं असेल ते लिही. ते मी वाचेन, आणि माझ्यापाशी ठेवेन.

लेखी उत्तर शनिवार, २० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पोचलं पाहिजे. मुदत वाढवून मिळणार नाही. डॉक्टरीणबाईंना मी त्यापुढची तारीख विचारून बघितली होती. त्यांनी नुसती मान हलवली.

उत्तर येईपर्यंत तुझी,
ताई