उभ्यानं मोजलेला बीपी

कोहका, भिलाई
१४ डिसेंबर, रविवार

चिरंजीव सुगत,

जय भीम. पुण्यात तू, खुशबू आन् बाळ खुशाल असाल. इकडे थंडी चांगलीच पडली. उन्हात बसून शेजारची अंजनाबाई आन् मी तूर सोलतो, गावभरच्या गोष्टी करतो.

फोन असताना पत्र कावून, म्हणशील. फोनवर तू विचारतं, "आई, बीपी कितना आया?" मी म्हणते, एकशे अठरा. "एकदम बढिया! एकशे वीसच्या खालीच ठेव." आन् फोन बंद. माझ्या तोंडातलं तोंडातच राहते.

तुझे बाबा प्लांटातून आले की म्हणत, बॉयलरच्या प्रेशरचा काटा लाल रेषेच्या खाली होता, शिफ्ट सुखाची गेली. मलेही वाटे, जितकं खाली तितकं चांगलं. म्हणून चक्कर येऊन राहिली तरी गोळ्या गिळत राहिली.

मंगळवारी मोरीपाशी पडली. हाडं शाबूत आहेत, घाबरू नको. कपाळाले टेंगूळ आलं तेवढं. अंजनाबाईनं ऑटोत घालून डॉक्टर मोना मॅडमकडे नेलं. रस्ताभर बोलत होती, "महाराणी, आवाज तरी द्यायचा! मधात भिंत आहे, समुद्र नाही!"

मॅडमनं बसवून मोजलं, एकशे सोळा. मग उभी करून मोजलं, ब्याण्णव. उभ्यानं आजवर कोणी मोजलंच नव्हतं.

"आजी, बीपी खाली आणला की हृदय-मेंदू जपले जातात, खरं आहे. पण तुम्ही उभ्या तर राहिल्या पाहिजेत! तुम्हाला एकशे तीसच्या आसपास पुरे. एक गोळी कमी करते." मग रागावल्या, "मागे विचारलं होतं ना, चक्कर येते का, घरी कोण असतं?"

तेव्हा मी सांगितलं होतं, चक्कर नाही, आन् मुलगा असते घरी. हात धरून उठवते, पाणी देते. त्याच भरवशावर त्यांनी गोळी वाढवली होती.

एकटी राहते म्हटलं की लोकं तुझ्याबद्दल मनात काय आणतात, ते मले सोसत नाही. आन् खरं सांगू? सांगता सांगता तू घडीभर घरातच होता.

मॅडमले ते अजून खरंच वाटते. आता म्हणतात, बावीस तारखेच्या सोमवारी त्या मुलाले घेऊन या, उभ्यानं मोजायचं शिकवते. अंजनाबाई म्हणते, मी चलते. पण तिले मुलगा कसं म्हणू?

तुले सुटी नसते, माहीत आहे. ये म्हणत नाही. सोमवारी मॅडमले काय सांगू, तेवढं कळव.

खुर्ची धरून हळू उठणारी,
तुझी आई
भीमा