जोडीला ओव्हरमागे चार

६ फेब्रु. ९४, रवि.
कंपनीची मॅच हरले. दि.ने घरी येऊन बॅट कोपऱ्यात टाकली. जेवताना बोलला. नव्या स्पोर्ट्‌स सेक्रेटरीचं फर्मान : ओपनिंगच्या जोडीने ओव्हरमागे चार तरी काढायला हव्यात, नाहीतर दोघंही बाहेर. जोडी म्हणजे दि. आणि म्हात्रे. टीममधून गेला की स्टोअरमधली दिवसाची नोकरी गेली, तळोज्याला केमिकलच्या प्लांटवर पाळ्या. दम्याचा माणूस त्या वासात किती दिवस... नको.
चार मॅचचे आकडे उतरवून आणलेत. "तू काढ. तुझं गणित चोख."

७, सोम.
पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत काढलं. जोडीच्या धावा १६५. ओव्हर ११.५, ८.४, १४.५, ६.४. बेरीज ४०.८. भागाकार ४.०४! घरी सांगितलं तर दि. चपला न काढता दारातच उभा. "चारच्या वर? मी?" मैदानावर याला कासव म्हणतात. लग्नानंतर इतका हसलेला आठवत नाही.

८, मंगळ.
दि.ने कागद सेक्रेटरीच्या हातात दिला. संध्याकाळी म्हात्रे कोलंबी घेऊन हजर. "वहिनी, दादा उभा हाय म्हणून मी मारतो. त्याला हलू कोन बोलतो?" तिघंही पोटभर जेवलो.

१०, गुरु.
शेजारी टी.व्ही.वर मॅच. दि.ला बोलवायला गेले. पडद्यावर १४.५. पुढचा चेंडू. एकदम १५. ११.५ म्हणजे साडेअकरा नव्हेच, अकरा ओव्हर आणि पाच चेंडू! मी रुपये-पैशांसारखी बेरीज केली. दिवसभर दुसरं करते काय मी!
चेंडू मोजून पुन्हा केलं. ओव्हर पुऱ्या ४२. वेग ३.९३. तीन धावा कमी.
इतकी वर्षं ओव्हर मोजतोय, त्यालाही दिसलं नाही. मी केलंय म्हणून बघितलंच नसणार.
दि.ला सांगू? सेक्रेटरीच्या लक्षात नाही आलं तर... पण हा अंपायरचं बोट वर व्हायच्या आधी चालू लागणारा.

१२, शनि.
सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. दोनदा बेरीज करून बघितली. मग, "म्हणजे मी हळूच आहे." बस, एवढंच.
म्हटलं, गप्प बसू. सेक्रेटरीला कुठे कळतंय.
"मला कळलं ना."
मोरीत जाऊन रडले.

१३, रवि.
म्हात्रेला बोलावून दि.ने सगळं सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "दादा, तुमी नका बोलू. तुमी बोललात तर मी पन जानार. घरात मी एकटाच कमावतो, तुमाला म्हायत हाय." चहा दोघांनीही घेतला नाही. या घरात सगळ्यात शहाणी मी, आणि दोघांचं वाटोळं माझ्याच हातून व्हायचं होतं.

१४, सोम.
सकाळी सेक्रेटरीचा निरोप : भेटून जा. कशाला, ते नाही सांगितलं. दि.ने दोन्ही बेरजा एकाच कागदावर लिहून खिशात ठेवल्या. दाखवणार का, ते मी विचारलं नाही. डबा दिला. दम्याचा पंप घेतलास का, एवढंच विचारलं.
त्याने सांगू नये असं मला वाटतं. खोटं कशाला लिहू.
त्यालाही ते कळलं असणार. निघताना माझ्याकडे बघितलं नाही.