मकरंदने दिलेला कान

४ ऑगस्ट
पुन्हा खरखर! डोक्यात कुणी चणे भाजत बसलंय जणू. कानामागची ऐकण्याची डबी काढली की मी ठार बहिरी. ह्यांचा आवाज, कुकर, रस्ता — काही म्हणजे काही ऐकू येत नाही.
ही डबी बनवणाऱ्या मकरंदला मेसेज केला. उत्तर नाही.

६ ऑगस्ट
ह्यांच्याबरोबर हेब्बाळला गेले. मकरंदच्या लॅबला कुलूप! वॉचमन हात हलवत होता. "कंपनी क्लोज आयतु, अक्का." कंपनी बंद झाली — खरखरीतूनही तेवढं कळलं.
मग मी कोण? मेंदूपर्यंत तार घातलेली त्याची पहिली पेशंट! व्हाइटफील्डला स्टेजवर उभं करून टाळ्या घेतल्या माझ्या जिवावर. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याचीच गरज सरली. मरो रोगी!

९ ऑगस्ट
चक्कर आली, ओट्यावर आपटले. डोकं फुटेल असं दुखतंय. तार काढा म्हटलं, तर दुसरे डॉक्टर लिहून दाखवतात — काढताना तोंड वाकडं होऊ शकतं, ज्याने घातली त्यालाच विचारा.

१२ ऑगस्ट
गेल्या भाऊबीजेला ओवाळलं होतं मेल्याला. पुण्याहून एकटा आलेला, इथे बहीण नाही, म्हणून मीच पाट मांडला. "ताई, ओवाळणी काय घालू?" म्हटलं, पैसे नकोत, हा आवाज तेवढा सांभाळ. "मरेपर्यंत, ताई!" म्हणाला आणि करंज्या हाणल्या.
जिवंत आहे. रोज फोटो टाकतो.

२० ऑगस्ट
आला! नवी कंपनी, नवा शर्ट, माझ्यासाठी नवी डबी. लावल्याबरोबर खरखर गेली. बाहेर कावळा ओरडला, आणि मी रडले. एवढ्या शिव्या ठरवून ठेवलेल्या, एक आठवेना!
मग म्हणाला, "ताई, छोटंसं काम आहे." एक मुलगी आहे, सात वर्षांची, तिलाही अशीच तार घालायचीय. तिची आई घाबरतेय. तुम्ही फक्त सांगा, त्रास काही होत नाही.
"आणि नाही सांगितलं तर?"
"मग... डबी परत न्यावी लागेल, ताई. माझ्या हातात नाही."
थुंकावंसं वाटलं तोंडावर. चहा केला.

२१ ऑगस्ट
पवित्रा, त्या मुलीची आई, पोरीला घेऊन आली. पोर माझ्या बांगड्या हलवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. पवित्राने विचारलं, "अक्का, खरं सांगा. चक्कर, डोकेदुखी — स्वल्पसुद्धा नाही ना?"
मकरंद खिडकीबाहेर बघत होता.

२४ ऑगस्ट
कुकरच्या शिट्ट्या स्वच्छ ऐकू आल्या. पोरीचं ऑपरेशन सोमवारी. पवित्राने मैसूरपाक पाठवला. खाल्ला.