तेरा इंची टॅबबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, कमलम्मा बसवराज कलशेट्टी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या चष्म्यातून आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खरे तर तपासायला माझ्या मुलाची बुद्धी न्यायला हवी होती, पण मृत्युपत्र त्याचे नाही. मला कोणी धमकावलेले नाही किंवा फूस लावलेली नाही. गेले चार महिने एका वस्तूसाठी मुलाने माझ्यामागे लकडा मात्र लावला आहे. त्या वस्तूबद्दल कलम चारपासून पुढे येईल.

वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात खाडाखोड करू नये. म्हणून मनात बदल झाला तर मागचे न खोडता पुढे नवे कलम लिहीन. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे.

कलम १. घर. साखर पेठेतील दोन खोल्या, वर पत्रा, मागे न्हाणी. माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून हे घर घेतले आणि खरेदीखत माझ्या नावे आहे. ते माझ्या पश्चात मुलगा नंदीश आणि सून भुवनेश्वरी यांना निम्मे-निम्मे मिळावे. एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता येणार नाही. नंदीश विचारेल, "अव्वा, हिचं नाव कशाला मधे?" तर बाबा, तू हे विचारणार म्हणूनच.

कलम २. हत्यारे. सात ब्रश, सागवानी पाट, रंगाच्या वाट्या आणि ग्राफ पेपरची ट्रंक. यांची किंमत कळायला थोडे मागचे सांगावे लागेल.

माझे यजमान कै. बसवराज चादरींचे डिझायनर म्हणून ओळखले जात. चादरीवर मोर दिसतो, कमळ दिसते, ते आधी ग्राफ पेपरवर काढावे लागे, एकेक चौकट रंगाने भरून. तो कागद बघून रहिमतुल्लाभाई पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडत आणि ती कार्डे मागावर चढत. यजमानांनी पेन्सिलीने मोर काढायचा आणि "बाकीचं तू बघ" म्हणून चौकात चहाला जायचे, अशी आमची वाटणी होती. बाकीचे म्हणजे लाखभर चौकटी. पुढे पुढे मोरही मीच काढू लागले, कारण त्यांचा मोर कोंबडीवर जाई. कागदाखाली सही मात्र त्यांची.

ज्या शेठजींसाठी आम्ही काम केले, त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी तीस वर्षांत माझे लिहिले नाही, आता फिटंफाट. माझा मोर-कमळ त्यांच्याकडे बारा वर्षे विकला गेला. त्याबद्दल यजमानांचा सत्कार झाला तेव्हा मी दारात हळदीकुंकवाचे तबक घेऊन उभी होते. यजमानांना जी शाल दिली तीही शेठजींच्याच कारखान्यातली होती, आणि पहिल्या धुण्यात तिचा रंग गेला. यजमान वाईट नव्हते. त्यांना फक्त कधी काही खटकले नाही.

हत्यारे भुवनेश्वरीला द्यावीत. ग्राफ पेपर निम्मेच उरले आहेत. बाकीचे नंदीशने "आता सगळं डिजिटल" म्हणून रद्दीत घातले आणि त्या पैशात भजी आणली. भजी मीही खाल्ली, कारण कागद गेले ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

कलम ३. नंदीशचे डिझाईन. हे कलम मालमत्तेचे नाही, पण ते नोंदवल्याशिवाय मला मुक्ती मिळणार नाही.

आपल्या चादरीत उभे तार दाट असतात आणि आडवे विरळ. म्हणून आमच्या ग्राफ पेपरची चौकट थोडी उभट असते. हे साखर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नंदीशने टॅबवर सरळ चौरस चौकटी घेतल्या आणि त्यात मोर काढला. पडद्यावर तो देखणा होता. चादरीत उतरला तेव्हा त्याची मान उंटासारखी आणि कमळाची झालेली वांगी. साठ चादरी विणून झाल्यावर शेठजींच्या लक्षात आले. नंदीशचे म्हणणे असे पडले की चूक पडद्याची आहे. पडदा अकरा इंचांचा, त्यात अंदाज येत नाही, तेरा इंची असता तर हे झालेच नसते.

ते डिझाईन भुवनेश्वरीने तीन दुपारी बसून दुरुस्त केले. शेठजींनी नंदीशच्या पाठीवर थाप मारली.

कलम ४. वादातील वस्तू. नंदीशकडे अकरा इंची टॅब आहे. त्याआधीचे दोन कपाटात आहेत. आता त्याला तेरा इंची, वरच्या दर्जाचा हवा आहे, पेनासकट एक लाख बेचाळीस हजार रुपये. पैसे माझ्या मुदत ठेवीतले. "प्रोफेशनल माणसाला मोठा स्क्रीन लागतो की, अव्वा. अकरामधे काम होत न्हाय," असे तो म्हणतो. मी म्हणाले, तुझं काम तेरामधे तरी कुठं व्हायचंय?

तरी मी कुणाच्या सांगण्यावर निकाल देणारी बाई नाही. रिक्षा करून दुकानात गेले. सोबत एक ग्राफ पेपर नेला. दुकानातल्या पोराने दोन्ही टॅब काढले आणि मी दोन्हींवर कागद पसरून चौकटी मोजायला बसले. त्याने सांगितले की हे तेरा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. चादर तिरपी मोजून विकली तर सोलापुरात गिऱ्हाईक दुकानदाराला चोप देईल. हे लोक मात्र काचेच्या दुकानात एसी लावून विकतात आणि वर वेगळे पेन वेगळ्या पैशात देतात. पेनाशिवाय पाटी विकणारा माणूस आमच्या काळात वेडा ठरला असता.

पोरगा पुढे बरेच बोलला. पडदा सेकंदात एकशे वीस वेळा बदलतो म्हणे. मी विचारले, माणसाचा डोळा किती वेळा बदलतो? दोन इंच तिरप्या वाढीसाठी दुप्पट पैसे, आणि त्यातली बरीचशी वाढ शोभेची. शेंगाचटणीचे तेलकट बोट दोन्हींवर सारखेच उमटते, तेही मी पाहून आले.

कलम ५. नंदीशचा हिस्सा. घराच्या निम्म्या हिश्श्याखेरीज त्याला यजमानांची आरामखुर्ची, कपाटातले दोन टॅब आणि त्याच्या हातातला अकरा इंची मिळावा. तो त्यावर क्रिकेट बघतो, भाषणे ऐकतो आणि टॅब कोणता घ्यावा याचे व्हिडिओ बघतो. क्रिकेटचा चेंडू अकरा इंचांतही गोलच दिसतो. माझ्या मुलावर माझी माया आहे. त्याच्या कामावर नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून मी त्याला चाळीस वर्षांचा केला.

कलम ६. तेरा इंची कुणाला. आता खरे सांगते. तो मोठा टॅब फालतू नाही. फालतू माणसाच्या हातात तो फालतू आहे.

भुवनेश्वरी मला अत्ती म्हणते, कानडीत सासूला म्हणतात तसे. सहा वर्षांपूर्वी अक्कलकोटकडून या घरात आली. पहिल्याच वर्षी तिने एक किनार काढली, आणि मी ती तीनदा उलटसुलट करून बघितली तरी चूक सापडली नाही. नंदीशने ती स्वतःची म्हणून शेठजींना दिली. तिने मला विचारले, "अत्ती, माझं नाव सांगितलं का त्यांनी?" मी म्हणाले, "नाव काय चाटायचंय? पैसा घरातच येतो की." माझ्याच तोंडून हे गेले. तबक धरून उभी राहिलेली बाई मी, आणि तेच तबक तिच्या हातात दिले.

तिला टॅब मिळे तो नंदीश दुपारी झोपला की. टॅब नंदीशचे बोट लावल्याशिवाय उघडत नाही. मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरातून पाहिले, ती त्याच्या उशाशी बसली, झोपलेल्या नवऱ्याचा अंगठा हळूच उचलला आणि टॅबला टेकवला. मग माझ्याकडे बघितले, चोरी पकडल्यासारखे. शेठजींच्या बारा डिझाईनची मुदत तिच्या डोक्यावर होती आणि ती आपल्याच कामाची चोरी करत होती. पुढच्या खेपेला नंदीशला जाग आली. "माझ्या डिव्हाईसला हात लावायच्या आधी विचारायचं," असे तो म्हणाला. डिव्हाईस! त्यावर तिने कमावलेल्या पैशाचे हप्ते गेले आहेत.

त्या दिवसापासून तिने काढणे सोडले. शेजारच्या शिवलीलाताईंकडून परकराचे शिवण आणले आहे. मला म्हणाली, "अत्ती, मला शिवणच बरं. त्यात कुणाला उठवावं लागत न्हाय."

तिला मोठा पडदा का हवा तेही लिहिते, म्हणजे कोणी लाड म्हणायला नको. नक्षीचा डावा काठ उजव्याला जिथे मिळतो तो जोड डोळ्यांसमोर एकदम दिसावा लागतो. मी कागद जमिनीवर पसरून भोवती फिरत असे. ती बिचारी लहान पडद्यावर तुकडा मोठा करी, बघे, सरकवी, पुन्हा मागे जाई, आणि संध्याकाळी डोळ्यांवर ओली पट्टी घेऊन बसे. दुकानात मी मोजून पाहिले, तिच्या नेहमीच्या किनारीचा जोड मोठ्या पडद्यावर सबंध मावतो. लहानावर मावत नाही. तेवढ्यासाठी पैसे वसूल आहेत आणि बाकी सगळ्या गमजा आहेत.

सबब, माझ्या मृत्यूनंतर मुदत ठेव मोडून तेरा इंची टॅब पेनासह भुवनेश्वरीला घेऊन द्यावा. त्यावर बोट फक्त तिचे चालावे. उरलेली रक्कमही तिचीच.

कलम ७. कलम सहा रद्द. इथपर्यंत लिहून मी साक्षीसाठी रहिमतुल्लाभाईंना बोलावले. ब्रश त्यांना द्यायचे मनात होते, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून त्यांना चहाच दिला. त्यांनी सगळे वाचायला लावले. कलम दोन संपल्यावर म्हणाले, "भाभी, मेरेकू तो पैले दिन से मालूम था. बसवराजभाई चौकट अर्धी छोडते थे, तुमे कोने तक भरते थे."

मी विचारले, इतकी वर्षे बोलला का नाहीत?

"किसने पूछा?" ते म्हणाले.

शहाणे. तीस वर्षे माझ्या हातच्या नक्षीवरून भोके पाडली आणि कोणी विचारायची वाट बघत बसले. मी चांगलेच तोंडसुख घेणार होते, पण तोवर कलम सहा वाचून झाले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "इसमें तो तुमे मरे बाद लिखेला है. तो बच्ची क्या करना? तुमारे मरने की राह देखना?"

माझ्या बापाकडची माणसे नव्वदीपर्यंत जगतात. वीस वर्षे ती परकर शिवणार, आणि मी मेल्यावर कोणीतरी हा कागद वाचून म्हणणार, सासू किती मोठ्या मनाची होती. शेठजींचा, यजमानांचा, नंदीशचा एवढा उद्धार केला, पण मेल्यावर न्याय देण्याची ही शक्कल त्यांच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. ती मलाच सुचली.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ठेव मोडली. कारकून म्हणाला, "आजी, मुदतीआधी मोडलीत तर नुकसान हाय." मी म्हणाले, व्हय, सहा वर्षांचं हाय. नंदीशला कळले तेव्हा तो आनंदाने चप्पल घालून निघाला. त्याला घरीच ठेवले. रिक्षात मी आणि भुवनेश्वरी.

तिने तासभर पडद्यावर रेघा मारून पाहिल्या. कुठे दाबले की रेघ जाड होते, काठाशी पेन घसरते का, दुकानातल्या पोराला तिने असे प्रश्न विचारले की तो आतून मालकाला घेऊन आला. मालकाने बिलाचे पुस्तक उघडले आणि विचारले, "नाव कोणाचं टाकू?"

तिने माझ्याकडे बघितले. मी रिक्षाचे सुटे पैसे मोजायला घेतले. काय बोलावे ते तिला सांगणाऱ्या बायका या घरात पुष्कळ झाल्या. तिचे ओठ हलले, मला वाटले आता नंदीशचे नाव येणार.

"भुवनेश्वरी," ती म्हणाली. मालकाला ऐकू गेले नाही. मग तिने पुन्हा सांगितले, मोठ्याने, इतके की शेजारचे गिऱ्हाईक वळून बघायला लागले.

सहा वर्षांत तिला स्वतःचे नाव घेताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

सबब, टॅब आणि उरलेली रक्कम जिची तिला पोचली, देण्यासारखी मुख्य वस्तू आता माझ्याकडे उरलेली नाही. बाकीची कलमे लागू राहतील. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याचा विचार नाही.

लिहून ठेवणार: कमलम्मा बसवराज कलशेट्टी (सही)

साक्षीदार:
१. रहिमतुल्ला गौस शेख, वय ७६, पूर्वीचा धंदा कार्ड पंचिंग (सही)
२. शिवलीला सिद्धप्पा म्हेत्रे, वय ५८, शेजारी (सही)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५